दारूमुळे आलेल्या विस्मरणातून सावरणाऱ्या ज्येष्ठांचा आहार

दारूने मेंदूला मार बसलेल्या आणि आता दारू सोडून सावरत असलेल्या घरातल्या वयस्कर माणसाला काय खायला द्यायचं, किती, कुठल्या क्रमाने, आणि जेवलो की नाही हेच त्याला आठवत नसेल तर काय करायचं, ह्या सगळ्याला मिळून पोषण आधार म्हणतात. ऐकायला साधं पथ्यपाणी वाटतं पण ह्या आजारात निम्मं औषध ताटातच असतं.

घरच्यांना बरेचदा वाटतं की वय झालं, आता असंच चालायचं. इथेच गल्लत होते. अल्झायमर वाढतच जातो, ह्याचं तसं नाही, दारू पूर्ण बंद झाली आणि अन्न अंगी लागायला लागलं तर बिघाड बहुतेक वेळा तिथेच थांबतो आणि बऱ्याच जणांमध्ये थोडा मागेही फिरतो. कोर्साकॉफ नावाचा जो विस्मरणाचा गंभीर प्रकार आहे त्यात ढोबळमानाने चारातला एक बऱ्यापैकी बरा होतो, दोघं थोडेफार सुधारतात, एकाला फारसा फरक पडत नाही असं सांगतात. सुधारणा व्हायला कधी काही महिने लागतात तर कधी दोन-तीन वर्षं, त्यामुळे पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून हात टेकायचे नाहीत.

मूळ भानगड बी-१ म्हणजे थायमिनची. रोजची गरज जेमतेम १.१ ते १.२ मिलीग्रॅम आणि शरीरातला साठा साधारण ३० मिलीग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे खाणं बंद झालं की दोन-तीन आठवड्यांत डबा रिकामा. पिणाऱ्याचं खाणं आधीच सुटलेलं असतं, कारण दारूच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगाला लागत काहीच नाही. वर दारू आतड्यातून थायमिन शोषू देत नाही, लिव्हरमधला साठा कमी करते, आणि जे आत गेलं ते कामाला लागायला मॅग्नेशियम लागतं, तेही लघवीवाटे जास्त जातं. मेंदू जवळजवळ पूर्ण साखरेवर चालतो आणि साखर जाळायला थायमिन हवं, म्हणून पहिला फटका तिथेच बसतो.

कार्ल वर्निके ह्या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्ये अशा तीन पेशंटचं वर्णन केलं, त्यातले दोघं दारू पिणारे होते आणि तिसरी बाई, जिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं आणि नंतर तिच्या पोटात काही टिकतच नव्हतं. म्हणजे दारूचा थेंब नसतानाही उपासमारीने हेच झालं, ही गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. १८८७ पासून रशियात सर्गेई कोर्साकॉफने विस्मरणाची बाजू मांडली. तेव्हा व्हिटॅमिन हा शब्दसुद्धा नव्हता, थायमिन प्रयोगशाळेत बनवता आलं ते १९३६ मध्ये.

आता क्रम. आधी थायमिन, मग अन्न, आणि तेही हळूहळू. सुरुवातीला थायमिन बहुधा इंजेक्शननेच देतात कारण दारूने खराब झालेल्या आतड्यातून गोळीतलं फार थोडं आत जातं. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि थायमिन राहून गेलं तर उरलासुरला साठाही संपून हालत अजून बिघडू शकते, त्यामुळे ॲडमिट करताना हा पितो, हे लाज न बाळगता सांगायचं. (रक्तातली साखर अगदी खाली गेली असेल तर ग्लुकोज थांबवून ठेवत नाहीत, दोन्ही बरोबरच देतात.) दारूसुद्धा घरच्या घरी एकदम तोडायची नाही, रोज पिणाऱ्याला फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, वयस्कर माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं.

दुसरा धोका लाडाचा. महिनोन् महिने न जेवलेला माणूस घरी आला की सगळ्यांना भरवायचा हुरूप येतो आणि तिथेच घात होतो, कारण उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली येतं आणि हृदयावर ताण येतो. ह्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. जास्त धोका असेल तर वजनाच्या किलोमागे दिवसाला १० कॅलरी किंवा त्याहून कमीपासून सुरुवात करून चार ते सात दिवसांत वाढवत नेतात, रोज रक्त तपासत. हे काम डॉक्टर आणि डायटिशियनचं, अंदाजपंचे करायचं नाही.

धोक्याचे दिवस गेले की मग घरचं जेवण. अख्खी धान्यं, डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, तेलबिया, अंडी, मासे, मांस, ज्याला जे चालतं ते. थायमिन पाण्यात विरघळतं, म्हणून शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं नाही आणि लवकर शिजावं म्हणून सोडा तर अजिबात टाकायचा नाही, सोड्याने ते मरतं. प्रोटीन वयस्कर आजारी माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतं. लिव्हर खराब आहे म्हणून प्रोटीन बंद करा हा जुना सल्ला अजून लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही, पण सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब होतं त्यात, उलट स्नायू झिजू नयेत म्हणून प्रोटीन चालू ठेवतात आणि रात्रीचा उपास लांबू नये म्हणून झोपताना थोडं खायला देतात. किडनीचा त्रास असेल तर हिशोब वेगळा, तो विचारूनच.

गोळ्यांच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड चालू केलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. व्हिटॅमिन ए आणि लोह दुखऱ्या लिव्हरवर भार टाकू शकतात, म्हणून तपासणीशिवाय नको.

खरी कसोटी मात्र काय द्यायचं ह्यात नसते, ते पोटात जातंय का ह्यात असते. बाबा जेवलात का विचारलं की उत्तर येतं, "मगाशीच जेवलो की, सूप होतं, बरं होतं," आणि सूप तसंच सायीसकट ओट्यावर. ते खोटं बोलत नसतात, मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून काढतो आणि त्यांना ते खरंच वाटतं. म्हणून वाद घालायचा नाही, ताट समोर ठेवून आपणही शेजारी बसून खायला लागायचं, बहुतेक वेळा हात आपोआप चालतो. रोज तीच वेळ, तीच खुर्ची, तेच ताट ठेवलं की डोक्याला आठवलं नाही तरी सवयीला आठवतं. किती खाल्लं ते वहीत आपण लिहायचं, म्हणजे दुसरा कोणी आला की दोनदा भरवणार नाही किंवा उपाशी ठेवणार नाही. गोळी हातात देऊन निघून जायचं नाही, ती खिशातच सापडते. पाणी मागितलं जात नाही, वयाने तहान कमी झालेली असते, तेव्हा ग्लास नजरेसमोर हवा. दारू सोडल्यावर गोड खायची ओढ बरीच दिसते, थोडं चालतं, पण बिस्किटांवरच पोट भरायला लागलं तर जेवण मागे पडतं. घास गिळताना ठसका लागत असेल तर ते आधी दाखवून घ्यायचं.

घरातल्या दारूबरोबर खोकल्याची औषधं, टॉनिकं, माउथवॉश ह्यांची लेबलंही वाचायची, काहींमध्ये अल्कोहोल असतं. लघवी जास्त होण्याच्या काही गोळ्यांनी थायमिनही जास्त बाहेर पडतं, रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवायची नाही. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी.

आणि सावरत असलेल्या माणसाचं मध्येच डोळे फिरवताना अडखळणं, चालताना तोल जाणं, अचानक गोंधळ वाढणं ह्यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतात ती थोड्याच पेशंटमध्ये, त्यामुळे उरलेल्या दोनांची वाट बघायची नसते.