रेकर्स २०११ चे नव्हेत

‘ट्रान्सफॉर्मर्स’ या रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या खेळण्यांच्या आणि गोष्टींच्या मालिकेतली ‘रेकर्स’ ही ऑटोबॉट (म्हणजे सज्जन यंत्रमानवांची) कमांडो तुकडी २०११ च्या चित्रपटासाठी रचली गेली, असं आजही ठासून सांगितलं जातं. त्या चित्रपटात ते हत्यारं लावलेल्या रेसिंग गाड्या होऊन येतात आणि बहुतेकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच. पण हा समज चुकीचा आहे. रेकर्स अवतरले १९८६ मध्ये, मार्व्हलच्या ब्रिटिश साप्ताहिक कॉमिकमधल्या ‘टार्गेट: २००६’ या कथेत.

त्यांचा पहिला म्होरक्या स्प्रिंगर होता, हेही खरं नाही. तो मान इम्पॅक्टरचा. या यंत्रमानवांचा सायबरट्रॉन ग्रह त्यांचे शत्रू असलेल्या डिसेप्टिकॉनांच्या टाचेखाली असताना, ऑटोबॉटांचा नेता झॅरन याच्यासाठी जिवावरच्या मोहिमा पत्करणारी ही माणसं (हो, मी त्यांना माणसंच म्हणेन). ‘ऑपरेशन व्होल्कॅनो’ या मोहिमेच्या तयारीच्या वेळी झॅरनवर झाडलेली गोळी इम्पॅक्टरने स्वतःवर घेतली आणि तो गेला. नेतृत्व स्प्रिंगरकडे आलं ते त्यानंतर.

इम्पॅक्टर विस्मरणात जाण्याचं कारण साधं आहे. तेव्हा त्याचं खेळणंच नव्हतं. तो निव्वळ कॉमिकसाठी घडवलेला. स्प्रिंगर मात्र दुकानात मिळायचा.