मनूमिनची सुगी

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराभोवती राहणाऱ्या ओजिब्वे (अनिशिनाबे) लोकांची रानभात गोळा करण्याची पारंपरिक पद्धत. ओजिब्वे अल्गाँक्वियन भाषाकुलातील असून त्यांची वस्ती मुख्यतः मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन व कॅनडातील ओंटारिओ येथे आहे. मनूमिन म्हणजेच हा रानभात (झिझानिया पालुस्ट्रिस) हे उथळ, संथ पाण्यात वाढणारे एकवर्षायू गवत. आपला भात ओरायझा प्रजातीतला. मनूमिन त्याचा दूरचा नातलग.

वसंतात मेपलच्या रसाची साखर, उन्हाळ्यात मासेमारी आणि थोडी मक्याची शेती, हिवाळ्यात कुटुंबागणिक पांगून शिकार, असे ओजिब्वेंचे वर्ष फिरे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हे दिवस मनूमिनचे. बर्फाच्या महिन्यांत शिकार हुकली तरी हे धान्य टिके, म्हणून या सुगीवर बरेच काही अवलंबून असे.

होडीत दोघे असतात. एक जण उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. दुसरा बसून सीडरच्या हलक्या दांडक्याने ताटे होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या दांडक्याने लोंब्यांवरून अलगद फटका मारतो. विळा लागत नाही. पिकलेले दाणेच तेवढे झडतात, कच्चे ताटावर राहतात. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा फेरी होते. पाण्यात पडलेले दाणे चिखलात हिवाळा काढून वसंतात उगवतात. वाया गेल्यासारखा दिसणारा हा वाटा म्हणजेच पुढच्या वर्षाची पेरणी. घाईने किंवा जोराने झोडपणे म्हणूनच निषिद्ध. सरोवर केव्हा खुले करायचे हे जाणती माणसे ठरवत. पहिल्या फेरीआधी पाण्याला तंबाखू वाहतात.

काठावर धान्य वाळवून मंद आचेवर सतत ढवळत भाजतात. मग जमिनीतल्या खड्ड्यात ओतून, पायांत स्वच्छ मोकॅसिन (मऊ चामड्याचे जोडे) घालून, दोन खांबांना बांधलेल्या आडव्या दांड्यांचा आधार घेत ते तुडवतात. फार दाब पडला तर दाणा मोडतो, त्यामुळे हे काम हलक्या पावलांचे. शेवटी भूर्जसालीच्या पसरट सुपांत पाखडून तूस उडवतात.

1837 च्या तहात ओजिब्वेंनी मोठा भूप्रदेश गमावला, पण शिकार, मासेमारी व रानभात गोळा करण्याची मुभा त्यात राखली होती. मिल लॅक्स या ओजिब्वे गटाचा हा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कायम ठेवला. व्हाइट अर्थ गटाने 2018 मध्ये खुद्द मनूमिनलाच कायदेशीर हक्क दिले. धरणांमुळे वाढणारी पाण्याची पातळी आणि खाणींतून येणारे सल्फेट या वनस्पतीला मारक ठरतात.

बाजारात 'वाइल्ड राइस' म्हणून मिळणारे धान्य बहुतांशी मिनेसोटा व कॅलिफोर्नियातील बांधीव शेतांतले, यंत्राने कापलेले असते. त्याला रानचे म्हणणे जरा धाडसाचेच. हा काळा, टणक दाणा शिजायला पाऊण तास ते तासभर घेतो. सरोवरातला, हाताने भाजलेला फिकट दाणा त्याच्या निम्म्याहून कमी वेळात फुलतो.