प्रसार भारतीची अर्धवट स्वायत्तता

लोकांच्या पैशावर चालणारी आकाशवाणी सरकारच्या हाती किती असावी, हा प्रश्न आणीबाणीमुळे उद्भवला असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात तो त्याहून जुना आहे. सरकारनेच नेमलेल्या चंदा समितीने १९६६ मध्येच आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांसाठी सरकारी खात्याबाहेरची स्वतंत्र महामंडळे स्थापण्याची शिफारस केली होती. पुढे १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, पण दोन्ही संस्था माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडेच राहिल्या.

मंत्रालयाच्या हाती माध्यम असले की काय होते, हे तोवर दिसले होते. आणीबाणी लागताच इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून हे खाते काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. सरकारी कार्यक्रमात भाग घेण्यास किशोरकुमार यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची गाणीही आकाशवाणीवरून बंद झाली.

१९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या जनता सरकारने या गैरवापराची श्वेतपत्रिका काढली आणि बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फेब्रुवारी १९७८ च्या अहवालात या समितीने ‘आकाश भारती’ नावाचा राष्ट्रीय न्यास सुचवला आणि त्याच्या स्वातंत्र्याला थेट राज्यघटनेचे संरक्षण मागितले. माझ्या मते सर्वांत मोठी संधी हीच होती. मुस्कटदाबी स्वतः सोसलेल्या नेत्यांनी १९७९ मध्ये आकाशवाणी व दूरदर्शन ‘प्रसार भारती’ या स्वायत्त महामंडळाकडे सोपवण्याचे जे विधेयक आणले, त्यात मात्र ते घटनात्मक संरक्षण उरले नव्हते, आणि लोकसभा विसर्जित होताच विधेयकही बारगळले.

विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या काळात १९९० मध्ये प्रसार भारती कायदा संमत झाला, पण तो अमलात यायला सप्टेंबर १९९७ उजाडले. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला होता. या कायद्याने अध्यक्ष व सदस्यांच्या निवडीसाठी उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली व्यक्ती अशी समिती ठेवली, ही जमेची बाजू खरी. परंतु पगारापासूनच्या खर्चासाठी अनुदान मंत्रालयाकडूनच यायचे राहिले, आणि देशाची सुरक्षा वा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणावरून प्रसारणाबाबत निर्देश देण्याचा अधिकारही केंद्राकडेच राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण, मजकूर बदलल्याशिवाय प्रसारित करता येणार नाही, असे आकाशवाणीकडून त्यांच्या कार्यालयाला कळवण्यात आले, तेव्हा हा कायदा लागू होऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती.