प्रवाळभित्तींचे पुनर्रोपण

ऱ्हास पावलेल्या प्रवाळभित्तीवर जिवंत प्रवाळांचे तुकडे किंवा वाढवलेल्या वसाहती लावून ती भित्ती पुन्हा वाढती करण्याच्या पद्धती. खाणकाम, सांडपाणी, गाळ, नांगर आणि अनियंत्रित मासेमारी यांच्यापासून भित्तीचे रक्षण करणे हे व्यवस्थापनाचे मूळ काम असून पुनर्रोपण त्याला पूरक ठरते. ही क्रमवारी उलटली, म्हणजे त्रासाचे कारण तसेच ठेवून लावणी केली, की लावलेले प्रवाळही मरतात, असा आजवरचा अनुभव आहे.

भित्ती बांधणारे प्रवाळ हे आंतरगुही (जेलीफिशच्या) संघातील, वसाहती करून राहणारे छोटे प्राणी असून त्यांच्या ऊतींत सहजीवी एकपेशीय शैवले राहतात. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी सु. 1 अंश से.ने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर ही शैवले बाहेर टाकली जातात आणि वसाहत पांढरी पडते. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, अन्यथा उपासमारीने मरतो. जगभर पसरलेल्या विरंजनाच्या घटना 1998, 2010 आणि 2014–17 मध्ये नोंदल्या गेल्या. अशी चौथी घटना एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाली.

पुनर्रोपणाची सुरुवात कोणी केली याबद्दल एकमत नाही. अमेरिकन भूवैज्ञानिक टॉमस वेलंड व्हॉन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आसपास फ्लॉरिडा व बहामा येथे प्रवाळ चकत्यांवर सिमेंटने बसवून समुद्रात ठेवले होते. काही लेखक हाच पहिला प्रयोग धरतात. पण त्यात प्रवाळांच्या वाढीचा वेग मोजायचा होता, भित्ती दुरुस्त करायची नव्हती. 1960 च्या दशकात फ्लॉरिडात झालेली शाखायुक्त प्रवाळांची स्थलांतरेही प्रामुख्याने वाढमापनासाठीच होती. दुरुस्तीचा स्पष्ट हेतू प्रवाळ-अभ्यासक जेम्स मॅरागोस यांच्या 1974 च्या हवाई येथील कामात दिसतो, म्हणून आरंभ तेथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ते काम कानिओहे उपसागरातले. तेथे वर्षानुवर्षे सांडपाणी सोडले जात होते. 1977–78 मध्ये ते उपसागराबाहेर वळवण्यात आले आणि 1983 च्या पाहणीत प्रवाळांचे आच्छादन आपोआप बरेच वाढलेले आढळले. पुनर्रोपणाच्या जन्मस्थानीच पाणी स्वच्छ करण्याचा परिणाम लावणीपेक्षा मोठा ठरला. या शास्त्रावरील लेखनात ही बाब जितकी ठळक यायला हवी तितकी येत नाही. पुढे 1995 मध्ये इस्राएलचे बारूख रिंकेविच यांनी वनीकरणाच्या धर्तीवर दोन टप्प्यांची पद्धत मांडली : आधी समुद्रातील रोपवाटिकेत तुकडे वाढवायचे, मग भित्तीवर लावायचे. आजचे बहुतेक प्रकल्प या पद्धतीचेच प्रकार आहेत.

प्रत्यक्ष काम हातांनीच होते. पाणबुडे निरोगी दाता वसाहतीच्या टोकांकडून बोटभर लांबीचे तुकडे कापतात. दात्याला इजा पोहोचू नये म्हणून एका वसाहतीचा थोडाच भाग घेतात. तुकडे टोपलीतून पाण्याखालूनच नेले जातात, कारण हवा आणि ऊन लागले की ऊती सुकतात. मग प्रत्येक तुकडा सिमेंटच्या छोट्या लादीवर दोरीने किंवा पट्टीने घट्ट बांधतात. सैल बांधलेला तुकडा लाटेने हलत राहतो, त्याची त्वचा घासते आणि तळाशी नवे कवच धरत नाही. लाद्या काँक्रीटच्या किंवा लोखंडी चौकटीवर तळापासून थोड्या उंच बसवतात, म्हणजे गाळ साचत नाही. पहिले काही महिने तंतुमय शैवल ब्रशने खरवडून काढावे लागते. निधी संपला की सर्वांत आधी हीच निगा थांबते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात लावलेल्या प्रवाळांपैकी सरासरी 60 ते 70 टक्के जगल्याचे आढळले. मात्र त्यांतील सु. 60 टक्के प्रकल्पांत निरीक्षण 18 महिन्यांपेक्षा कमी काळ झाले होते. प्रवाळाच्या आयुष्यमानात हा काळ अगदीच तोकडा असल्याने जगण्याचे हे प्रमाण जपून वापरावे.

भारतात सर्वाधिक अनुभव मन्नारच्या आखातात जमा झाला आहे. रामेश्वरम ते तुतिकोरिन यांच्या दरम्यानच्या 21 बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान 1986 मध्ये घोषित झाले. तरीही चुन्यासाठी प्रवाळ खणणे बराच काळ चालू राहिले. पूवरसनपट्टी व विलांगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली, त्यामागे हे खाणकाम मुख्यत्वे कारणीभूत मानले जाते. 2001 मध्ये भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आले, त्यानंतर खाणकाम हळूहळू थांबले. तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने 2002 च्या सुमारास पुनर्रोपण सुरू केले. झिजत चाललेल्या वान बेटाभोवती याच संस्थेच्या सहकार्याने काँक्रीटच्या कृत्रिम भित्ती टाकण्यात आल्या. क्रुसडै बेटाजवळ वेगळेच संकट उद्भवले. व्यापारासाठी आणलेले कॅपाफायकस हे परदेशी शैवल लागवडीतून निसटून जिवंत प्रवाळांवर चढले. ते हाताने उपटावे लागते आणि उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा वाढते.

कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान (1982) हे देशातील पहिले. येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आणि गुजरात वनविभाग यांनी मन्नारहून ॲक्रोपोरा व माँटिपोरा या प्रजातींतील शाखायुक्त प्रवाळ आणून लावले. ॲक्रोपोरा येथून सु. 10,000 वर्षांपूर्वी नाहीशी झाली, असे या प्रयोगाच्या संदर्भात सांगितले जाते. हे कालमापन तपासून घ्यावे लागेल. त्या काळी जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सु. 40 मी. खाली असावी. कच्छचे आखात उथळ आहे, त्यामुळे त्याचा बराच भाग तेव्हा कोरडा असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून शाखायुक्त प्रवाळ आखातात समुद्र परत चढल्यानंतर वाढले आणि पुढे गढूळ पाणी, तीव्र भरती-ओहोटी व तापमानातील चढउतार यांमुळे टिकले नाहीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हा प्रश्न केवळ इतिहासापुरता नाही. ज्या कारणांनी प्रजाती गेली ती कारणे अजून असतील, तर परत आणलेली वसाहतही त्याच परीक्षेला बसणार.

गुजरातेतील मिठापूरच्या किनाऱ्याजवळ जानेवारी 2020 मध्ये बायोरॉक पद्धतीची चौकट बसवण्यात आली. समुद्राच्या पाण्यातील पोलादी चौकटीला कमी दाबाचा एकदिश प्रवाह दिला, की ऋणाग्राभोवती (प्रवाहाच्या ऋण टोकाला जोडलेल्या चौकटीभोवती) पाणी अल्कधर्मी होते आणि चौकटीवर कॅल्शियम कार्बोनेट व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड यांचा थर बसतो. प्रवाह जास्त झाला तर मॅग्नेशियम संयुगाचे प्रमाण वाढून थर ठिसूळ होतो. वास्तुविशारद वोल्फ हिल्बर्ट्झ यांनी 1970 च्या दशकात ही कल्पना मुळात बांधकाम साहित्यासाठी मांडली होती. या पद्धतीने प्रवाळ कित्येक पट वेगाने वाढतात, हा पुरस्कर्त्यांचा दावा स्वतंत्र प्रयोगांत सर्वत्र सिद्ध झालेला नाही.

लक्षद्वीपच्या कंकणद्वीपांवर 1998, 2010 आणि 2016 मध्ये विरंजन झाले. तेथे भर लावणीपेक्षा नैसर्गिक सावरण्याच्या अभ्यासावर आहे. अंदमानात 2004 च्या भूकंपाने उत्तरेकडील काही भित्ती उचलल्या जाऊन पाण्याबाहेर आल्या व मेल्या.

महाराष्ट्रात सलग मोठी भित्ती नाही. खडकांवर विखुरलेल्या वसाहती आहेत. मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र 29.12 चौ. किमी. असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग गाभाक्षेत्रात येतो. तेथे पोरायटीस, टर्बिनेरिया, गोनिओपोरा यांसारखे गाळ सोसणारे प्रवाळ आढळतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने चाललेल्या सिंधुदुर्ग प्रकल्पात तुतिकोरिनच्या त्याच संस्थेच्या मदतीने तुकडे लावण्यात आले. मात्र येथील रोजचा धोका पर्यटनाचा आहे. स्नॉर्केलिंग करणारे वसाहतींवर उभे राहतात, नौकांचे नांगर त्यांवर पडतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाणबुडी पर्यटनामुळे होणारी ही मोडतोड 2020 मध्ये नोंदवली. नौका बांधण्यासाठी कायमचे बोये बसवणे आणि एका वेळी पाण्यात उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवणे हे उपाय लावणीपेक्षा स्वस्त आहेत, आणि रापण ओढणाऱ्या व छोट्या होड्यांवरच्या मच्छीमारांना विश्वासात घेतल्याशिवाय ते टिकणार नाहीत.

मुंबईत किनारी मार्गासाठी वरळी व हाजीअली येथील प्रवाळ 2020 च्या अखेरीस हलवण्यात आले. असे स्थलांतर हे पुनर्रोपणाचे तंत्र वापरत असले, तरी बांधकामाची भरपाई म्हणून केलेले असल्याने त्याची गणना वेगळी करावी. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत प्रवाळक्षेत्रे सर्वाधिक संरक्षित गटात येतात.

कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडालेले पठार कोकण किनाऱ्यापासून सु. 100 किमी. पश्चिमेस आहे. ते इतके दूर असून त्याचा माथाही सु. 20 मी. खोल असल्याने येथील प्रवाळांना किनाऱ्यावरचा गाळ व सांडपाणी पोहोचत नाही. त्यावरील पाहण्या थोड्याच झाल्या आहेत. येथे लावणीचा प्रश्न उद्भवत नाही. या पठाराला कायदेशीर संरक्षण देण्याची मागणी अभ्यासक करीत आले आहेत.