पबमेड खुले, पूर्ण लेखाला मात्र पात्रता: सोलापुरातील पीजी विद्यार्थ्यांसाठी माहिती

पबमेडवर शोधायला अर्ज, शुल्क, कागदपत्र काहीच लागत नाही. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा वैद्यकीय संशोधन लेखांचा हा डेटाबेस सर्वांना खुला आहे. तिथे लेखाची नोंद आणि बहुधा सारांश मिळतो. पात्रतेचा प्रश्न येतो तो पूर्ण लेख उघडताना.

शोध जतन करायचा, नव्या लेखांची ईमेल सूचना हवी, तर पबमेडवरचे ‘माय एनसीबीआय’ खाते काढा. त्याला आता वेगळा पासवर्ड नाही. गूगल किंवा ऑर्किड (संशोधकांचा ओळख क्रमांक) खात्याने प्रवेश होतो. इथे स्वतःचाच ईमेल द्या. कॉलेजचा दिलात आणि पीजी संपल्यावर तो बंद झाला, की जतन केलेले शोधही हाताबाहेर जातात.

वर्गणीच्या जर्नल्ससाठी १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यात येतात. पात्रता संस्थेची, व्यक्तीची नव्हे: केंद्र व राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या शासकीय संस्थेतल्या विद्यार्थ्याने दिल्लीला काही पाठवायचे नाही, आपल्या ग्रंथपालांकडे जायचे. ओळखपत्र, चालू वर्षाचे बोनाफाइड आणि कॉलेजचा ईमेल जवळ ठेवा. घरून वाचायचे असेल तर ‘इन्फेड’चा, म्हणजे संस्थेबाहेरून जर्नल्स उघडण्याच्या सेवेचा, लॉगिन मागा, तो संस्थाच देते.

“पैसे मागतंय” ही तक्रार बहुतेकदा एकाच कारणाने येते. प्रकाशक कॉलेजचे नेटवर्क ओळखतो आणि मोबाइल डेटा चालू असला की तुम्ही त्याच्या लेखी बाहेरचे. कॉलेजच्या वायफायवर या, नाहीतर इन्फेडमधून संस्थेचे नाव निवडून आत शिरा. खासगी कॉलेजे पहिल्या टप्प्यात नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी पबमेड सेंट्रल हा मोफत पूर्ण लेखांचा संग्रह पाहावा, मग लेखाच्या संपर्क-लेखकाला ईमेल करून प्रत मागावी. ती मागण्यात कमीपणा नाही.

सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची, खरी अडचण शोधातच होते. यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांवर विषय असेल तर इंग्रजीत ‘पॉवरलूम’ जोडून आणि तोडून, दोन्ही लिहा. मध्ये ‘ऑर’ (किंवा) इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. सोबत ‘बिसिनोसिस’ (कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) हा मेश शब्द घ्या; मेश म्हणजे लेखांना विषयानुसार लावलेल्या ठरावीक शब्दांची यादी. विडी कामगारांसाठीही ‘बिडी’ची दोन्ही स्पेलिंगे हवीत. अवतरणचिन्हे घातली की पबमेड समानार्थी शब्द आपणहून जोडत नाही. फक्त माणसांवरचे अभ्यास दाखवणारा ‘ह्यूमन्स’ फिल्टर लावला तर मेश न लागलेले ताजे लेख गळतात, म्हणून तो टाळा. प्रत्येक शोधाची तारीख, शब्दरचना आणि मिळालेल्या नोंदींची संख्या त्याच दिवशी वहीत लिहा. गाइड नेमके तेच विचारतात.