मूर्ख व सुज्ञ, बायबलमधील

बायबलमध्ये मूर्ख म्हणजे अक्षरशत्रू किंवा मंदबुद्धी माणूस नव्हे. जो सांगितलेले ऐकत नाही, चूक दाखवली की चिडतो आणि देवाला हिशेबात न धरता आपला व्यवहार करतो, तो मूर्ख. सुज्ञपणाची सुरुवात ‘परमेश्वराच्या भया’पासून होते (नीतिसूत्रे १:७, ९:१०). येथील भय घाबरण्याचे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा धाक म्हणतात, त्याच्याशी त्याचे नाते जवळचे आहे. नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही तीन पुस्तके या विषयाचा मुख्य आधार असून कॅथलिक बायबलमध्ये बेन सिराचे पुस्तक व शलमोनाचे ज्ञान यांचीही भर पडते.

सुज्ञपणासाठीचा हिब्रू शब्द होखमा. मराठीत तो बहुधा ‘ज्ञान’ होऊन येतो आणि त्यात त्याचा हातच्या कसबाचा अर्थ हरवतो. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, घडवणारा बसालेल होखमाने भरलेला होता (निर्गम ३१:३). शेळीचे केस कातणाऱ्या बायांकडेही होखमाच होती (निर्गम ३५:२६). पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकराच्या बोटांत असते ते कसब या शब्दाला अधिक जवळचे आहे. जगण्याचे कसब, असा त्याचा विस्तार पुढे झाला. शलमोन राजाने देवाकडे मागितले तेही मूळ हिब्रूत ‘ऐकणारे हृदय’ आहे (१ राजे ३:९).

‘मूर्ख’ या एका शब्दामागे मात्र निदान चार-पाच हिब्रू शब्द दडले आहेत. पेती हा भोळा, कुणाच्याही नादी लागणारा. त्याला अजून वळण लावता येते, म्हणून नीतिसूत्रांचा आरंभच त्याला समोर ठेवून केलेला आहे. एवील हा हेकट. त्याला स्वतःची वाट सरळच दिसते, आणि उखळात घालून धान्याबरोबर मुसळाने कांडला तरी त्याचे मूर्खपण सुटत नाही (२७:२२). लेत्स हा टवाळखोर. केसील हा जड कानांचा. समंजसाला एक शब्द जितका लागतो तितके याला शंभर फटकेही लागत नाहीत (१७:१०), म्हणजे आपल्याकडचे पालथ्या घड्यावर पाणी. या शब्दाच्या सुमारे ७० उल्लेखांपैकी ४९ एकट्या नीतिसूत्रांत आहेत.

केसीलची व्युत्पत्ती वादाची आहे. त्याच्या धातूतून कमरेजवळची चरबी आणि भरवसा असे दोन अर्थ निघतात. काही अभ्यासक चरबीवरून ‘जड, सुस्त’ असा अर्थ लावतात. खोट्या भरवशावर फुगलेला माणूस, हा दुसरा अर्थ संदर्भांना अधिक जुळतो. हाच शब्द ईयोब ९:९ व आमोस ५:८ येथे एका तारकासमूहाचे नाव म्हणून येतो आणि तो समूह म्हणजे आपले मृग, असे बहुतेकांचे मत आहे. बहुधा आकाशात जखडलेला एखादा दांडगा वीर तेथे कल्पिलेला असावा, कारण ईयोब ३८:३१ मध्ये त्याचे बंध सोडण्याचा उल्लेख आहे. मराठवाड्यातला शेतकरी मृग लागला की तिफण काढतो. त्याच तारकांना हिब्रूत मूर्खाचे नाव आहे.

नाबाल हा सर्वांत कठोर शब्द. ‘देव नाही’ असे मनात म्हणणारा तो नाबाल (स्तोत्र १४:१). हे तात्त्विक नास्तिक्य नव्हे, कारण तेच स्तोत्र पुढे लोकांना भाकरीसारखे खाऊन टाकणाऱ्यांविषयी बोलते. याच नावाचा माणूस १ शमुवेल २५ मध्ये भेटतो. त्याच्यापाशी ३,००० मेंढरे आणि १,००० शेरडे होती. कातरणीच्या सणाला दावीदाच्या (पुढे इस्राएलचा राजा झालेल्या) माणसांनी शिधा मागितला, तर त्याने ‘कोण हा दावीद?’ म्हणून त्यांना हाकलले. त्याची बायको अबीगईल हिने नवऱ्याला न सांगता २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे तयार मांस, हुरडा, मनुकांचे १०० घड आणि अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादल्या आणि चालून येणाऱ्या दावीदाला वाटेतच गाठले. ‘जसे त्याचे नाव तसाच तो’, असे ती नवऱ्याविषयी म्हणते. कोणते आईबाप मुलाचे नाव मूर्ख ठेवतील, हा प्रश्न टीकाकारांना पडला आहे. मूळ नाव अरबी ‘नबील’, म्हणजे थोर, याच्याशी संबंधित असावे आणि अबीगईलने त्यावर कोटी केली असावी, असे काहींनी सुचवले आहे. ते अशक्य नाही. सुज्ञपण या कथेत एका बाईच्या पदरी आहे, हे मात्र वादातीत.

नीतिसूत्रांच्या उगमाबद्दल परंपरा शलमोनाकडे (इ. स. पू. दहावे शतक) बोट दाखवते. ग्रंथ स्वतःच मात्र अनेक हात मान्य करतो. हिज्कीया राजाच्या माणसांनी काही सूत्रे उतरवून घेतली (२५:१), आगूर व लमुवेल यांची वचने शेवटी आहेत. सध्याचे रूप बहुधा ज्यूंना बाबेलला नेले गेले त्या बंदिवासानंतरचे असावे. खरा वाद २२:१७ ते २४:२२ या भागाचा आहे. आमेनेमोपे या इजिप्शियन लेखनिकाच्या बोधवचनांची पपायरसची गुंडाळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचा मजकूर १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी इजिप्तविद्येचे जर्मन अभ्यासक आडोल्फ एर्मान यांनी या भागाशी तिचे साम्य दाखवले. गरिबाला लुबाडू नये, शेताची हद्द सरकवू नये, संतापी माणसाची संगत नको, हे उपदेश दोन्हीकडे जवळजवळ सारखे आहेत. आमेनेमोपेची प्रकरणे तीस. नीतिसूत्रे २२:२० मधील एक अडलेला हिब्रू शब्द ‘तीस’ असा वाचला की अर्थ लागतो. इजिप्शियन रचनाच हिब्रूवरून घेतली, असाही प्रतिपक्ष होता. पण ती बहुधा इ. स. पू. बाराव्या शतकाच्या आसपासची मानली जात असल्याने त्याला आता फारसा पाठिंबा नाही. हिब्रू संकलकाने परकीय शहाणपण घेतले आणि गरिबाचा कैवारी म्हणून परमेश्वराचे नाव त्यात घातले (२२:२३), हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मूर्खाला उत्तर देऊ नको आणि मूर्खाला उत्तर दे, ही दोन सूत्रे २६:४-५ मध्ये लागोपाठ येतात. तालमुद या ज्यू धर्मग्रंथाच्या कर्त्यांनी पहिले सूत्र व्यवहाराला आणि दुसरे धर्मशास्त्राच्या चर्चेला लावून वाद मिटवला. उपदेशक हे पुस्तक शहाण्यालाही मरण चुकत नाही याची आठवण देते. ईयोब २८ म्हणते, खाणीत रूपे सापडते, ज्ञान सापडत नाही.

नव्या करारात येशूचे दोन घरांचे दृष्टांतवचन सर्वपरिचित आहे. मत्तयामध्ये (७:२४-२७) मूर्ख वाळूवर घर बांधतो. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्याचे ते चित्र आहे. लूकमध्ये (६:४८) वाळू नाही. तेथे सुज्ञ ‘खणतो आणि खोल जातो’, अशी दोन क्रियापदे मुद्दाम आहेत, आणि मूर्ख पाया न घेता मातीवरच भिंत उभी करतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला लूकचा पाठ अधिक भिडतो. ही माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते. म्हणून बांधणारा काळी उपसून मुरूम लागेपर्यंत पाया नेतो. वरच्या वर भिंत उचलली, तर कोपऱ्याला तडा जातो. सधन मूर्खाची गोष्टही (लूक १२:१६-२१) पेव आणि कणगी पाहिलेल्याला वेगळी सांगावी लागत नाही. माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव, असे त्याचे सगळे बोलणे ‘माझे’भोवती फिरते आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. भावाला ‘मूर्ख’ म्हणण्याची मात्र येशूने सक्त मनाई केली आहे (मत्तय ५:२२).

येशूचा प्रेषित पौल याने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, पहिले पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यान लिहिले. वधस्तंभाचा संदेश जगाला मूर्खपणा वाटतो, पण देवाचा मूर्खपणा माणसांच्या शहाणपणाहून शहाणा आहे, असे तो म्हणतो (१:१८-२५).

मराठवाड्यात हा विचार पोहोचला तेव्हा मूर्खपणाची चिकित्सा येथे नवी नव्हती. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खाचा. मूर्खलक्षणांचा आरंभ जन्मदात्यांना विरोध करण्यापासून होतो. नीतिसूत्रे १५:५ आणि १५:२० येथेही तीच खूण आहे. पढतमूर्खाला बायबलमध्ये स्वतंत्र नाव नाही; स्वतःच्या दृष्टीने शहाणा असलेल्यापेक्षा केसीलची आशा अधिक, असे २६:१२ सांगते.

१८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात स्कॉटिश फ्री चर्चतर्फे जालन्यात काम सुरू केले. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जवळच बेथेल ही वसाहत वसली. अक्षरओळखच नाकारली गेलेल्या जातींतील कुटुंबांनी तेथे ‘तुमच्यात फार ज्ञानी नाहीत’ (१ करिंथ १:२६) हे वचन ऐकले, तेव्हा ते त्यांच्या बाजूने बोलणारे होते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये छापून झाले.