मिलिव्होल्टपासून पन्नास व्होल्टपर्यंत

गायकासमोरच्या साध्या डायनॅमिक माईकमधून जेमतेम एक-दोन मिलिव्होल्टचा विद्युत संदेश निघतो. ३०० वॉटच्या अॅम्प्लीफायरमधून ८ ओहमच्या स्पीकरकडे जाताना तोच ४९ व्होल्टच्या घरात पोचलेला असतो. म्हणजे पंचवीस ते पन्नास हजार पट! सोसायटीच्या गणपतीत कोपऱ्यातल्या टेबलावर जी पॉवर्ड मिक्सरची पेटी असते, तिच्यात हा सगळा चढ पार पडतो. मिक्सर आणि दोन अॅम्प्लीफायर अशी दोन्ही यंत्रं तिच्या पोटात एकत्र असतात.

पुढची ढीगभर बटणं पाहून दडपून जायचं कारण नाही. तीच एक उभी रांग प्रत्येक चॅनेलला, म्हणजे प्रत्येक माईकच्या किंवा वाद्याच्या वाटेला, पुन्हा पुन्हा आलेली असते. त्या रांगेत सगळ्यात वर असतं गेनचं बटण, आणि बिघडलेल्या आवाजाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मिक्सरच्या आतलं काम साधारण एक व्होल्टच्या आसपास चालतं. माईकचे मिलिव्होल्ट तिथवर आणण्याची जबाबदारी गेनची. ते ६० डेसिबलवर नेलं तर व्होल्टेज हजार पट होतं. खालचा सरकता फेडर ‘०’ लिहिलेल्या खुणेवर असला की आलेला आवाज न वाढवता, न घटवता पुढे सोडतो. पण सरकपट्टी हाताशी असते, म्हणून लोक गेन अर्धवट ठेवून फेडर वर ढकलत बसतात. मग गाण्यामागे सतत ‘सूंऽऽ’ ऐकू येतं. उष्णतेमुळे तारांतले आणि सुट्या भागांतले इलेक्ट्रॉन कायम चुळबुळत असतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर थोडी खरखर मिसळते. आवाज सुरुवातीलाच मोठा झालेला असेल तर ती त्याच्याखाली दडते. उशिरा वाढवला तर आवाजाबरोबर खरखरही वाढते.

उलट गेन जास्त झालं, तर सर्किटला मिळणाऱ्या व्होल्टेजपलीकडे लहर जाऊ शकत नाही. तिचे माथे सपाट कापले जातात आणि तान फाटते. नंतर फेडर खाली घेतला तर फाटलेली तान हळू ऐकू येते, इतकंच. म्हणून गेन लावताना ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ निरुपयोगी. तपासणीला माणूस पुटपुटतो आणि कार्यक्रमात खणखणीत गातो. गायकाला तार सप्तकातली जोरकस तान घ्यायला लावावी, लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवावं आणि मग थोडं मागे घ्यावं.

त्याखालची तीन बटणं खर्ज, मध्य आणि तार कमीजास्त करतात. माझं मत स्पष्ट आहे: इथे वाढवण्यापेक्षा कमी करावं. खर्जाचं बटण १२ डेसिबलने चढवलं, तर त्या पट्ट्यासाठी अॅम्प्लीफायरकडे सोळा पट शक्ती मागितली जाते. ती त्याच्याकडे नसली की सगळाच आवाज फाटतो. आवाज घुमत असेल तर आधी लो-कटचं बटण दाबावं. साधारण ८० ते १०० हर्ट्झखालचा गडगडाट, माईकस्टँडला बसलेले धक्के आणि पंख्याचा वारा त्याने कमी होतात. तबल्याच्या डग्ग्यावरच्या माईकला मात्र ते दाबू नये, नाहीतर त्याची गुंज हरवते.

आता जोडण्या. माईकसाठी तीन पिनांची, साउंडवाले ‘कॅनन’ म्हणतात ती पिन वापरावी. तिच्यातल्या दोन तारांतून एकच लहर सुलट आणि उलट अशी दोन रूपांत जाते. वाटेत शेजारच्या वीजवाहिनीची घरघर शिरली तर ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. मिक्सर दोन तारांमधला फरक तेवढा मोजतो, त्यामुळे घरघर बाद होते आणि गाणं उरतं. याच तारांतून कंडेन्सर माईकला (याला चालायला वीज लागते) ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा उलट दिशेने जातो. हा ४८ चा आकडा नॉर्वेतून आला. १९६६ मध्ये नॉयमन कंपनीने तिथल्या रेडिओसाठी माईक तयार केले, तेव्हा स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. तीच माईकसाठी वापरली आणि पुढे जगभर तोच दंडक झाला.

खरा धोका स्पीकरच्या खाचेत असतो. जुन्या पेट्यांवर गिटारची वायर आणि स्पीकरची वायर दोन्हींना पी-३८ जॅकच, म्हणजे पाव इंची गोल पिनच, लागतो. दिसायला सारख्या, पण गिटारच्या वायरीत केसासारखी बारीक तार असते. तिच्यातून कित्येक अँपिअर प्रवाह गेला की ती तापते, आणि ती शॉर्ट झाली तर अॅम्प्लीफायरही जाऊ शकतो. हा घोळ टाळायला न्यूट्रिक कंपनीने १९८७ मध्ये फिरवून अडकवायची स्पीकॉन पिन आणली. पेटीवर ती खाच असेल तर तीच वापरावी. ओहमचा हिशेबही तिथेच करावा: ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अडथळा, तो जितका कमी तितका अॅम्प्लीफायरवर ताण जास्त. ८ ओहमचे दोन स्पीकर एकमेकांना समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. पेटीवर किमान ४ लिहिलं असेल तर तिसरा स्पीकर लावायचा मोह आवरावा.

बऱ्याच पेट्यांवर आतले दोन अॅम्प्लीफायर कशासाठी वापरायचे ते ठरवणारा खटका असतो: डावा-उजवा स्टीरिओ, किंवा एक श्रोत्यांसाठी आणि दुसरा मंचावरच्या मॉनिटरसाठी, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरसाठी. हॉलमध्ये स्टीरिओचा सोस करू नये. हार्मोनियम डावीकडे वळवली तर उजव्या भिंतीशी बसलेल्या आजींना ती नीट ऐकूच येत नाही. त्यापेक्षा दुसरा अॅम्प्लीफायर मॉनिटरला द्यावा. मॉनिटरची बटणं सहसा फेडरच्या आधीचा आवाज घेतात, त्यामुळे श्रोत्यांसाठी फेडर हलवला तरी गायकाला ऐकू येणारा आवाज बदलत नाही.

मॉनिटर आला की शिट्टीची शक्यता वाढते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो आणि ही फेरी चालूच राहते. ज्या कंपनसंख्येला एका फेरीत आवाज घटण्याऐवजी वाढतो, ती किंचाळू लागते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. बटणांनी तो थोडाफार दाबता येतो, पण अंतराचा उपाय जास्त चालतो. तोंडापासून २० सेंटीमीटरवरचा माईक १० वर आणला की गाणं ६ डेसिबलने वाढतं आणि मॉनिटरकडून शिरणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे गेन तेवढं उतरवायला मोकळीक मिळते. इतक्या जवळून गाताना खर्ज फुगतो, पण त्यासाठी लो-कट आहेच.

हार्मोनियमला ही सवलत नाही. तिचे सूर अख्ख्या पेटीतून येतात. माईक फार जवळ नेला तर त्याच्यासमोरचेच सूर मोठे लागतात, म्हणून तो लांब ठेवावा लागतो आणि गेन चढं. शिट्टी बहुधा तिच्याच चॅनेलमधून सुरू होते. ती आली की गायकाच्या माईकला हात लावण्याआधी मॉनिटरमधली हार्मोनियम कमी करून पाहावी.